मानसशास्त्राची पहिली ओळख: विज्ञानाची पद्धत आणि विचारांतल्या नेहमीच्या चुका वर्गात कशा शिकवाव्यात

अकरावीला मानसशास्त्र हा विषय निवडणारी बहुतेक मुले-मुली एक ठरावीक अपेक्षा मनात धरून वर्गात येतात. चेहरा पाहून समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखता येईल, संमोहन शिकायला मिळेल, हस्ताक्षरावरून स्वभाव सांगता येईल, निदान घरातल्या एखाद्या चिडखोर माणसाला कसे सांभाळून घ्यायचे ते तरी कळेल, असे त्यांना वाटत असते. हा विषय नव्याने शिकवायला घेतलेल्या शिक्षकापुढे मग दोन सोपे मार्ग असतात: या कुतूहलाकडे काणाडोळा करून व्याख्या फळ्यावर लिहायची आणि पुढे जायचे, किंवा रंजक किस्से सांगत वर्ष काढायचे. दोन्ही मार्गांनी हा विषय विज्ञान का मानला जातो हे मुलांपर्यंत पोहोचत नाही.

येथे सुचवलेला क्रम एका आग्रहावर उभा आहे. वैज्ञानिक पद्धत आणि विचारांतल्या चुका हे दोन वेगळे धडे नाहीत. नियंत्रित गट (तुलनेसाठी ठेवलेला, उपाय न केलेला गट) का ठेवायचा, अंदाज आधी का लिहून ठेवायचा, तपासणाऱ्यापासून काही माहिती का लपवायची, या प्रत्येक नियमामागे माणसाच्या विचारात नेहमी होणारी एक विशिष्ट चूक आहे. ती चूक मुलांना आधी स्वतः अनुभवू दिली आणि तिच्यावरचा उपाय म्हणून पद्धत पुढे ठेवली, तर ती पाठ करून घ्यावी लागत नाही. हे सर्व आठ ते दहा तासिकांत बसते. वर्ग चाळीस ते साठ मुलांचा आहे असे गृहीत धरले आहे, आणि साहित्य म्हणून कागदाच्या चिठ्ठ्या, खडू-फळा व घड्याळ एवढेच लागते.

पहिली पायरी: मुलांची मते आधी कागदावर घ्या

पहिल्या तासाला व्याख्या सांगू नका. दहा विधाने फळ्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर ‘बरोबर’ की ‘चूक’ हे आणि आपल्याला किती टक्के खात्री आहे हे लिहायला सांगा. विधाने माणसाच्या मनाबद्दलची, रोज कानावर पडणारी असावीत: माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, ठामपणे सांगितलेली आठवण सहसा अचूक असते, राग आदळआपट करून बाहेर काढला की शांत होतो, काही मुले पाहून शिकणारी आणि काही ऐकून शिकणारी असतात व त्या त्या प्रकारे शिकवले तरच त्यांना नीट समजते. ही चारही विधाने संशोधनाच्या कसोटीवर टिकलेली नाहीत. त्यांच्यात टिकलेली विधानेही मिसळा. उदाहरणार्थ, थोडा थोडा करून अनेक दिवस केलेला अभ्यास एका रात्रीत उरकलेल्या अभ्यासापेक्षा जास्त टिकतो, किंवा पुस्तक मिटून आठवून पाहिलेले हे नुसते पुन्हा वाचलेल्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहते. सगळीच विधाने चुकीची ठेवली, तर ‘लोकांना वाटते ते नेहमी खोटे असते’ असा भलताच धडा मुले घेऊन जातात.

कागदावर नाव लिहून घ्या, कागद गोळा करा आणि उत्तरे सांगू नका. मुले आग्रह धरतील, तरीही सांगू नका. हे कागद पुढे एका प्रयोगासाठी लागणार आहेत.

दुसरी पायरी: सर्वांना लागू पडणारे वर्णन

मानसशास्त्राच्या वर्गासाठी इतका सोपा आणि इतका परिणामकारक दुसरा प्रयोग माझ्या माहितीत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी तो १९४८ मध्ये आपल्याच वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांवर केला. त्यांनी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचे ‘स्वतंत्र’ व्यक्तिमत्त्ववर्णन दिले. ते आपल्याला कितपत लागू पडते याला ० ते ५ गुण द्यायला सांगितले, तेव्हा सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि त्यातली वाक्ये बहुतांशी रस्त्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

वर्गात हा प्रयोग असा करावा. एका तासाला प्रत्येकाकडून कोऱ्या कागदावर सही, एक झाड काढलेले चित्र आणि नुकत्याच पडलेल्या एखाद्या स्वप्नाबद्दल दोन ओळी घ्या. जन्मतारीख मुद्दाम विचारू नका, नाहीतर पुढची चर्चा ज्योतिषातच अडकते. पुढच्या तासाला प्रत्येकाच्या नावाची घडी घातलेली चिठ्ठी द्या. आतला मजकूर मराठीत, मुलांच्या वयाला आणि घरच्या वातावरणाला साजेसा लिहावा: ‘वरवर तू शांत दिसतोस, पण लहानसहान बोलणी तुला बरेच दिवस लागून राहतात. मनात आणले तर तू खूप काही करू शकतोस, पण सुरुवात करायला वेळ लावतोस. घरच्यांना तुझी काळजी कळते, तुझे विचार मात्र नेहमी कळतात असे नाही. तुला माणसे हवी असतात, तरी कधीकधी एकटेच बसावेसे वाटते.’ अशी आठ-दहा वाक्ये पुरेत, आणि मुलींच्या चिठ्ठ्यांत क्रियापदे बदलायला विसरू नये. चिठ्ठी मनातच वाचायची, शेजाऱ्याला दाखवायची नाही, आणि खाली गुण लिहायचे, एवढी सूचना द्या. गुण फळ्यावर मांडून सरासरी काढली की मग चिठ्ठ्या शेजाऱ्याशी बदलायला सांगा. वर्गात आधी शांतता पसरते आणि मग एकच गलका होतो.

येथे दोन पथ्ये पाळावीत. या प्रयोगात मुलांची थोडी फसवणूक आहे, म्हणून तिचा उलगडा त्याच तासात झाला पाहिजे. तो दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. आणि ज्याने पाचपैकी पाच गुण दिले त्याच्यावर कोणी हसता कामा नये. फोरर यांचे विद्यार्थी महाविद्यालयात मानसशास्त्रच शिकत होते, हे त्याच वेळी सांगावे.

गलका शांत झाला की एकच प्रश्न विचारा: वर्णन खरोखर त्या व्यक्तीचे आहे की कोणालाही लागू पडणारे आहे, हे ठरवायचे कसे? पाच-दहा मिनिटे मुलांना आपापसात बोलू द्या. कोणीतरी सुचवतेच की पाच जणांची वर्णने नावे काढून एकत्र करावीत आणि आपले कोणते ते प्रत्येकाने ओळखावे. हे उत्तर वर्गातून येईपर्यंत थांबणे महत्त्वाचे आहे, कारण नावे झाकून केलेली चाचणी म्हणजे काय ते मुलांनी त्या क्षणी स्वतः शोधून काढलेले असते.

तिसरी पायरी: दावा तपासण्याची एक मराठी कथा

यानंतर महाराष्ट्रात झालेली एक प्रत्यक्ष चाचणी सांगावी. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी म्हणून नावाजलेली १०० मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुले यांच्या जन्माच्या नोंदींवरून २०० कुंडल्या तयार केल्या गेल्या. ज्योतिषांना आवाहन करण्यात आले. सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला त्यांतून यादृच्छिकपणे निवडलेल्या ४० कुंडल्या पाठवण्यात आल्या, आणि कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची आहे एवढेच सांगायचे होते. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरे आली. त्यांच्या अचूक उत्तरांची सरासरी ४६ टक्के भरली. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी सुमारे निम्मी बरोबर आली असती.

ही कथा सांगताना निकालापेक्षा रचनेवर जास्त वेळ घालवावा. २०० मुलांची नावे का दिली नाहीत? उत्तर ‘हा गट’ किंवा ‘तो गट’ इतके नेमके का ठेवले? कुंडल्या निवडताना चिठ्ठ्या टाकल्यासारखी पद्धत का वापरली? उत्तर काय असेल तर काय मानायचे, हे आधीच का ठरवले? ‘संकटे येतील पण मार्ग निघेल’ असे भाकीत कधीच चुकत नाही, त्यामुळे ते तपासताही येत नाही, हे फोररच्या चिठ्ठ्यांनंतर मुलांना लगेच उमगते. वर्गातल्या अनेकांच्या घरी पत्रिका पाहिली जाते हे लक्षात ठेवून, घरच्यांना मूर्ख ठरवणारी भाषा शिक्षकाच्या तोंडून निघू नये. या चाचणीने एका नेमक्या दाव्याची परीक्षा घेतली, आणि तेवढेच बोलावे.

तपासणाऱ्यापासून उत्तर का लपवायचे, यासाठी ‘हुशार हान्स’ या घोड्याची गोष्ट जोडता येते. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हा घोडा टाप आपटून गणिताची उत्तरे देत असे. १९०४ मध्ये नेमलेल्या समितीला त्यात कोणतीही लबाडी सापडली नाही. ऑस्कर फुंग्स्ट यांनी मात्र प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि हान्सची उत्तरे चुकू लागली. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि घोडा तेवढे पाहून थांबत असे. येथे कोणीही खोटे बोलत नव्हते, ही बाब मुलांच्या मनावर ठसवावी. प्रामाणिक माणसालाही आपली अपेक्षा लपवता येत नाही, म्हणूनच औषधांच्या चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही कोणाला खरे औषध दिले आहे ते कळू देत नाहीत.

चौथी पायरी: चार चौकटी

कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे घरोघरी ऐकलेले असते. फळ्यावर चार चौकटी आखा: कावळा ओरडला व पाहुणा आला, कावळा ओरडला पण पाहुणा आला नाही, कावळा ओरडला नाही तरी पाहुणा आला, दोन्ही घडले नाही. मग विचारा, यांपैकी आपल्या आठवणीत कोणती चौकट राहते? उत्तर एकमुखाने येते. उरलेल्या तिन्ही चौकटी रिकाम्या असतात, कारण त्या घटनांची कोणी नोंदच ठेवलेली नसते. कावळा ओरडूनही कोणी आले नाही, असा दिवस हा काही सांगण्यासारखा प्रसंग नसतो.

आता आकडे घालून दाखवा. समजा, १०० दिवसांपैकी ६० दिवशी कावळा ओरडला आणि त्यांतल्या ६ दिवशी पाहुणा आला. उरलेल्या ४० दिवशी तो ओरडला नाही आणि त्यांतल्या ४ दिवशी पाहुणा आला. पहिल्या चौकटीत ६ आणि तिसरीत ४ असल्यामुळे कावळ्याचे म्हणणे खरे वाटते, पण ६० पैकी ६ म्हणजे १० टक्के आणि ४० पैकी ४ म्हणजेही १० टक्केच. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असे आपण म्हणतोच; कावळा बसला नसताना फांदी किती वेळा तुटली हेही मोजणे, यासाठीच नियंत्रित गट लागतो. हेच कोष्टक मग गंभीर दाव्यांना लावून पाहावे. अमुक काढा घेतला आणि ताप चार दिवसांत उतरला, अमुक क्लासला गेलेल्या मुलाला नव्वद टक्के मिळाले, अशा प्रत्येक वेळी बाकीच्या तीन चौकटींत काय आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय लागली तर या विषयाचे निम्मे काम झाले असे मी मानतो.

पाचवी पायरी: ‘नाही’ हे उत्तर शोधायला शिकवणे

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग फळ्यावर दहा मिनिटांत होतो. आपल्या मनातला नियम एका चिठ्ठीवर लिहून ती एखाद्या विद्यार्थ्याच्या खिशात ठेवायला द्या, म्हणजे तुम्ही तो मध्येच बदलला अशी शंका उरत नाही. फळ्यावर २, ४, ६ लिहा आणि सांगा की हे तीन अंक माझ्या नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन अंक सुचवा, मी फक्त ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ एवढेच सांगेन. नियम काय आहे याची खात्री झाली की मगच हात वर करा.

बहुतेक वर्गांत पुढचे सारे ठरल्यासारखे घडते. कोणी ८, १०, १२ म्हणते: बसतात. कोणी २०, २२, २४ म्हणते: बसतात. लगेच हात वर होतो, ‘दोनने वाढणाऱ्या सम संख्या’. चूक. मग १, ३, ५ येते: बसतात. ‘दोनने वाढणाऱ्या संख्या’. पुन्हा चूक. खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते: ‘चढत्या क्रमाने येणारे कोणतेही तीन अंक’. वेसन यांच्या २९ विद्यार्थ्यांपैकी फक्त ६ जणांनी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर नियम गाठला होता.

चर्चेत हे मुलांकडूनच काढून घ्यावे की ज्यांनी चुकीचा नियम सांगितला त्यांनी सारी उदाहरणे आपल्या नियमात बसणारीच विचारली होती. ६, ४, २ किंवा १, २, ५० असे, आपल्या मते ‘न बसणारे’ उदाहरण विचारले असते तरच आपला नियम मोडतो का ते कळले असते. आपल्या मताला दुजोरा देणारेच पुरावे शोधण्याच्या या कलाला ‘कन्फर्मेशन बायस’ म्हणतात, हे नाव येथे द्यावे, त्याआधी नाही. आणि अभ्युपगम, म्हणजे तपासून पाहायचा अंदाज, मांडताना तो कोणत्या निरीक्षणाने खोटा ठरेल हे आधीच सांगायचे असते, हा विज्ञानातला नियमही याच तासाला सांगावा.

सहावी पायरी: वर्गातला पहिला खरा प्रयोग

आतापर्यंत मुलांनी प्रात्यक्षिके पाहिली. आता स्वतंत्र परिवर्तक (आपण मुद्दाम बदलतो ते), परतंत्र परिवर्तक (त्यामुळे काय बदलते म्हणून मोजतो ते) आणि यादृच्छिक विभागणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणे) हे शब्द वापरून एक प्रयोग पूर्ण करायचा आहे. विषय ‘अँकरिंग’, म्हणजे आधी कानावर पडलेल्या आकड्याला अंदाज चिकटून राहणे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये याचे प्रसिद्ध प्रयोग मांडले. एका प्रयोगात आकड्यांचे चाक फिरवले जाई. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी योजना होती, पण पाहणाऱ्याला आकडा नशिबाने आला असे वाटे. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के आहे ते विचारले जाई. १० पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज, २५ आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता.

वर्गासाठी प्रश्न असा निवडावा की उत्तर मुलांना नेमके माहीत नसेल पण अंदाज करता येईल. महाराष्ट्रात तालुके किती, हा प्रश्न चांगला चालतो. निम्म्या चिठ्ठ्यांवर लिहा: ‘महाराष्ट्रात १५० पेक्षा जास्त तालुके आहेत की कमी? तुमचा अंदाज लिहा.’ उरलेल्या निम्म्यांवर १५० च्या जागी ९०० लिहा. चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून वाटा. पुढच्या बाकांना एक आणि मागच्या बाकांना दुसरी असे वाटप करू नका, आणि का करायचे नाही ते मुलांना विचारा. पुढे बसणारी मुले वेगळी असू शकतात हे त्यांना शिक्षकांपेक्षा चांगले माहीत असते. दोन मिनिटांत चिठ्ठ्या गोळा करून दोन्ही गटांचे अंदाज लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मध्यक काढा. सरासरीऐवजी मध्यक का, याचे उत्तर एखाद्याने लिहिलेला ५००० हा अंदाज आपोआप देतो. खरे उत्तर ३५८ आहे.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी गुणाकाराचा प्रयोग घ्यावा. निम्म्यांना ८×७×६×५×४×३×२×१ आणि निम्म्यांना तेच उलट्या क्रमाने १ पासून, पाच सेकंदांत उत्तराचा अंदाज करायला. मूळ प्रयोगात उतरत्या क्रमाच्या गटाचा मध्यक २,२५० आणि चढत्या क्रमाच्या गटाचा ५१२ आला होता. खरे उत्तर ४०,३२० आहे.

प्रयोग फसला तर

कधीतरी दोन्ही गटांचे मध्यक जवळजवळ सारखे येतील, किंवा उलटेच येतील. नव्या शिक्षकाला अशा वेळी आकडे झाकून ‘खरे तर असे यायला हवे होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. आलेले आकडे फळ्यावर जसेच्या तसे लिहावेत आणि कारणे शोधावीत. गट लहान होते का? कोणी शेजाऱ्याची चिठ्ठी पाहिली का? काहींना उत्तर आधीच माहीत होते का? हवे ते उत्तर आले की तपासणी थांबवायची आणि नको ते आले की सबबी शोधायच्या, हीच तर वेसनच्या प्रयोगातली चूक आहे, हे वर्गातल्या एखाद्याला सुचले तर त्याचे मनापासून कौतुक करावे.

मानसशास्त्रालाही हा अनुभव आलेला आहे. नामांकित नियतकालिकांत छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा सामूहिक प्रयत्न २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने येणे अवघड असे, निष्कर्ष होते. पुन्हा केल्यावर असा निष्कर्ष ३६ टक्क्यांतच मिळाला. हा प्रसंग काही शिक्षक वर्गापासून लपवतात, कारण विषयाची पत जाईल असे त्यांना वाटते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ही तपासणी मानसशास्त्रज्ञांनीच केली, आपल्याच विषयाच्या विरुद्ध जाणारा निकाल त्यांनीच छापला, आणि त्यानंतर अभ्यास सुरू करण्यापूर्वीच आपला अभ्युपगम व पद्धत जाहीरपणे नोंदवून ठेवण्याची प्रथा वाढली. विज्ञान म्हणजे काय हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणे अवघड आहे.

‘मला आधीच वाटले होते’

आता पहिल्या दिवशीचे कागद बाहेर काढा, पण लगेच वाटू नका. आधी दहाही विधानांची योग्य उत्तरे समजावून सांगा. मग कोऱ्या कागदावर, ‘पहिल्या दिवशी तुम्ही काय लिहिले होते आणि किती टक्के खात्रीने, ते आठवून लिहा’ असे सांगा. त्यानंतर मूळ कागद परत द्या आणि ताडून पाहायला सांगा. खात्रीचे आकडे बरोबर उत्तराच्या दिशेने सरकलेले अनेकांना दिसतील.

निकाल कळल्यावर ‘हे मला आधीच वाटले होते’ असे मानण्याच्या याच कलाचा अभ्यास करताना बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये भारताच्या जवळचा एक प्रसंग वापरला होता: १८१४ मधला इंग्रज आणि गुरखे यांच्यातला संघर्ष. वाचकांना पार्श्वभूमी दिली गेली आणि चार संभाव्य शेवट सांगितले गेले. काहींना शेवट काय झाला ते सांगितलेच नाही. इतरांना वेगवेगळ्या गटांत त्यांतला एकेक शेवट ‘हाच घडला’ म्हणून सांगितला. ज्यांना जो शेवट सांगितला गेला, तोच शेवट आधीपासून जास्त संभवत होता असे त्यांना वाटू लागले. निवडणुकीच्या निकालानंतर किंवा भारताने सामना हरल्यावर चहाच्या टपरीवर जे ऐकू येते त्याच्याशी मुले हे लगेच जोडतात. येथून वैज्ञानिक नियमाकडे वळायला एक वाक्य पुरते: अंदाज निकालापूर्वी, तारीख घालून लिहिलेला असेल तरच तो अंदाज.

संभाव्यतेबद्दलच्या चुकांसाठी एक गृहपाठ द्यावा. निम्म्या वर्गाने नाणे खरोखर २०० वेळा उडवून छाप-काटा लिहायचे, उरलेल्यांनी न उडवता मनानेच २०० नोंदी करायच्या. कोण काय करणार ते शिक्षकाला सांगायचे नाही. खऱ्या नोंदींत सलग सहा किंवा अधिक वेळा एकच बाजू आलेली जवळजवळ नेहमी सापडते, मनाने लिहिणारे मात्र चार-पाचच्या पुढे जायला कचरतात. तेवढ्यावरून बहुतेक वह्या ओळखता येतात. सलग पाच वेळा छाप आल्यावर ‘आता काटा येणारच’ असे का वाटते, हे मग वेगळे समजवावे लागत नाही.

नावे देताना घ्यायची काळजी

चार-पाच कलांची नावे कळली की मुले ती एकमेकांवर फेकू लागतात. ‘हा तुझा बायस आहे’ हे वाक्य वर्गात वारंवार ऐकू येऊ लागले तर समजावे की धडा उलट्या बाजूने पोहोचला. एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की अशा कलांची माहिती दिल्यानंतरही बहुतेक माणसे ‘इतरांच्या मानाने माझ्यावर यांचा परिणाम कमी होतो’ असेच मानतात. म्हणून वर्गात एक नियम ठरवावा: उदाहरण फक्त स्वतःचे द्यायचे. आठवड्याला एक, तीन-चार ओळींचे, वहीत लिहिलेले. हा नियम शिक्षकांनाही लागू असावा.

या चुका म्हणजे मूर्खपणा नव्हे, हेही सांगणे तितकेच गरजेचे आहे. भरभर निर्णय घेण्यासाठी मन जे आडमार्ग वापरते ते बहुतेक वेळा उपयोगीच असतात, आणि माहिती कशी मांडली आहे यावरही बरेच अवलंबून असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी हा मुद्दा लावून धरला. फळ्यावर हे करून पाहा. एखादा आजार १ टक्का लोकांना आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना ओळखते, पण निरोगी माणसांपैकीही ९ टक्क्यांना चुकून ‘आजारी’ ठरवते. चाचणी ‘आजारी’ म्हणाली तर आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ८०-९० टक्के म्हणतील. आता तेच असे मांडा: १००० माणसांपैकी १० आजारी, त्यांतल्या ९ जणांना चाचणी ओळखते. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी सुमारे ८९ जणांनाही ती आजारी ठरवते. म्हणजे ‘आजारी’ ठरलेल्या ९८ जणांत खरे आजारी ९, साधारण दर अकरा जणांत एक. गणित तेच आहे, पण माणसे मोजली की डोळ्यांसमोर दिसते.

इतिहास आणि मर्यादा

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लायपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली, आणि भारतात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात, नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, हा इतिहास मी मुद्दाम येथे, शेवटी ठेवला आहे. मोजमाप आणि नियंत्रण यांची गरज कळल्यावर प्रयोगशाळा का काढावी लागली हे मुलांना पटते. पहिल्याच तासाला सांगितले तर नुसती सनावळी उरते.

हा विषय सुरू झाला की एखादे मूल तास संपल्यावर थांबून स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या त्रासाबद्दल बोलू लागते. नीट ऐकून घ्यावे, पण निदान करू नये. मानसशास्त्र शिकवणारा शिक्षक हा समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ नसतो. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वर्गात लावून ठेवावा. मुलांनी वर्गमित्रांना आजारांची नावे चिकटवू नयेत, हेही पहिल्या आठवड्यातच बजावावे.

तपासायचे कसे

या तासिकांनंतर व्याख्यांची परीक्षा घेतली तर सारे श्रम वाया जातात. त्याऐवजी परीक्षेच्या हंगामात हमखास दिसणारी, स्मरणशक्ती वाढवणाऱ्या औषधाची जाहिरात नाव काढून मुलांना द्यावी. ‘आमचे औषध घेतलेल्या शंभरपैकी ऐंशी मुलांचे गुण वाढले’ एवढा दावा पुरेसा आहे. चार-चार जणांच्या गटाने तो तपासण्याचा आराखडा एका पानात लिहावा: औषध न घेणारा गट कोणता, मुले कोणत्या गटात जातील हे कसे ठरवले, दोन्ही गटांना सारखीच दिसणारी गोळी कशी दिली, गुण कोणत्या चाचणीने मोजले, ती चाचणी तपासणाऱ्याला कोणाला काय दिले ते कळते का, आणि कोणता निकाल आला तर औषध निरुपयोगी मानायचे. गुण या सहा प्रश्नांच्या उत्तरांना द्यावेत. औषध चालते किंवा चालत नाही, यांपैकी गटाचे मत काय आहे याला गुण नसावेत, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोरे सोडणाऱ्या गटाकडून आराखडा पुन्हा लिहून घ्यावा.